आप्पांच्या छातीतून सूर्य

डिसेंबर अर्धा सरला, की एखाद्या सकाळी मी लवकर गाडी काढते आणि न्हावऱ्यावरून भीमेच्या पुलाकडे निघते. पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो आणि गुऱ्हाळं सुरू होतात. गुऱ्हाळं तशी एरवीही चालू असतात, पण त्यांचा धूर बघावा तो थंडीतच. धुराड्यातून निघतो तो सरळ वर चढतो, आणि एका उंचीला पोचला की कुणी हात आडवा धरल्यासारखा थबकतो आणि पसरायला लागतो. अलीकडच्या गुऱ्हाळाचा पसरतो, पलीकडच्याचा पसरतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि सगळ्या उसाच्या रानावर करडं, पातळ छत तयार होतं. जमिनीलगतची हवा गारठलेली असते आणि वरची जराशी उबदार, म्हणून धुराला वर जाता येत नाही. वर्गात मी हे आकृती काढून शिकवते. मुलं आकृती वहीत उतरवतात आणि परीक्षेत बाण उलटे काढतात. पुलावर मात्र शिकवण्यासारखं काही नसतं. काकवीचा वास येतो, बोटं बधिर झालेली असतात, उसाचे ट्रॅक्टर अंगावरून गेल्यासारखे जातात, आणि मी फोटो काढत राहते.

यंदाही गेले होते. धुराचं छत जागेवर होतं. दर हिवाळ्यात त्याच खांबाला टेकून, तेवढ्याच उंचीवरून मी तोच फोटो काढते, त्यामुळे आता माझ्याकडे त्या छताचे बरेच हिवाळे साठलेत. एखाद्या वर्षी ते खाली असतं, एखाद्या वर्षी जरा वर. पण यंदा कॅमेरा डोळ्याला लावला आणि दोन हिवाळ्यांपूर्वीचा तो आठवडा आठवला. श्वास असा लांब सुटला की कॅमेऱ्याची मागची काच धुरकटली.

मी शिरूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. फोटोचा नाद त्यातूनच लागला, आणि तो नाद असा आहे की लोकांना माझे फोटो बघून नेहमी वाईट वाटतं. एवढा भारी कॅमेरा घेऊन ही बाई नाल्याचे काठ कसले काढते, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. "सूर्यास्त न्हाई का एखादा?" असं एका मावशींनी अगदी मायेनं विचारलं होतं. चुलतबहिणीच्या लग्नात कॅमेरा माझ्या हाती दिला तर मी मांडवामागचा ओढा तेवढा काढून आणला, असं आमच्या घरात अजून सांगतात. हे साफ खोटं आहे. नवरा-नवरीचेही फोटो होते. ओढा होता, नाही असं नाही, पण मांडवामागं तो वळणच असं घेत होता, त्याला मी काय करणार?

भूगोलवाल्याला जमीन बघताना सारखा एकच प्रश्न पडतो, की हे असं का? सणसवाडीत माझा धाकटा भाऊ विकास राहतो, एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याच्या गच्चीवरून मी जितके फोटो काढलेत तितके कोकणात जाऊनही काढले नसतील. खाली बिहार, ओडिशा, मराठवाडा, सगळीकडून आलेल्या कामगारांच्या खोल्या. वरून बघितलं तर खोल्यांच्या रांगा लांबच लांब आणि चिंचोळ्या, दोन रांगांमध्ये एक माणूस कसाबसा जाईल एवढीच बोळ. असं का? कारण खोल्या यायच्या आधी तिथं रान होतं, आणि त्या रानाची भावाभावांत उभी वाटणी झालेली होती. बांध गेले, पण त्यांची रेघ भिंतींनी राखली. कुठल्या घरात किती भाऊ होते, हे आजही त्या गच्चीवरून पत्र्याच्या रांगा मोजून सांगता येतं. गाव नाहीसं होतं तेव्हा ते सगळं एकदम जात नाही, थोडं थोडं शहराच्या आत राहतं. असलं काही कॅमेऱ्यात सापडलं की मला दिवसभर बरं वाटतं.

अशा फोटोंना एक गोष्ट लागते, ती म्हणजे माप. घळीचा नुसता फोटो काढला तर ती घळ ढोपराएवढी आहे की दोन मजली, हे बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून आम्ही त्यात काहीतरी ओळखीचं ठेवतो. कुणी हातोडी ठेवतं, कुणी पेन, कुणी छत्री. माझं माप म्हणजे आप्पा, माझे वडील. आप्पा दौंडच्या रेल्वे यार्डात सिग्नलच्या कामावर होते. मी एम.ए. करत होते तेव्हा घोड नदीकाठच्या घळी मोजायला एकटीनं फिरायचे. आप्पांना ते पसंत नव्हतं, पण पोरीला नको म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते सोबत यायला लागले. आता आलाच आहात तर जरा तिथं उभे राहा, असं मी म्हणाले, आणि ते उभे राहिले ते पुढची पंचवीस-तीस वर्षं.

"म्हंजी मी काय मोजपट्टी हाय व्हय?" असं ते कुरकुरायचे. पण उभे अगदी ताठ राहायचे. कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांच्या काठावर, भीमेच्या दरडीखाली, निमोण्याच्या आमच्या रानालगतच्या घळीत, दौंडच्या उड्डाणपुलावर. "कॅमेऱ्याकडं बघू नका, आप्पा. जमिनीकडं बघा," असं मी ओरडायचे. माणूस कॅमेऱ्याकडं बघायला लागला की बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्याकडं जातं, आणि मग घळ कोण बघणार?

रिटायर झाल्यावर काही वर्षं आप्पा दौंडलाच राहिले. आई गेली तेव्हा ते निमोण्याला रानातल्या घरी आले. थोडी ज्वारी, थोडा कांदा, समोर बाबासाहेबांचा फोटो, आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्या गावाला जयभीम, रामराम घालत फिरणं. त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला हटेना. कॉलेजात माझ्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, बाहेरचे परीक्षक आलेले, मुलं मैदानावर मोजणीच्या दुर्बिणीशी कवायत करत होती. म्हणून विकासच आप्पांना शिरूरला घेऊन गेला. तिथं छातीच्या एक डॉक्टरबाई दर गुरुवारी पुण्याहून यायच्या. मी मैदानावर उभी असताना विकासचा फोन आला.

"ताई, उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला डाग हाय. स्कॅन पण केलं. बाई म्हनत्यात, जुना आसंल तर काळजीचं काम न्हाई. नवा आसंल तर सुई घालून तुकडा तपासावा लागंल. पण आप्पांचं हृदय बघता सुईची घाई नको. आधीचा एखादा एक्स-रे हाय का, विचारत्यात. पुढच्या गुरुवारी घेऊन या म्हनाल्या."

त्या रोगाचं नाव विकासनं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात ते कुणीच घेतलं नाही. समोर एक पोरगं मला विचारत होतं, मॅडम, रीडिंग बरोबर आहे का? मी त्याला बरोबर म्हणाले. ते बरोबर होतं की नव्हतं, देव जाणे, पण त्याला चांगले मार्क मिळाले.

मला आश्चर्य वाटलं ते डॉक्टरबाईंच्या बोलण्याचं. एका फोटोवरून काही सांगता येत नाही, आधीचा आणा, हे तर माझं वाक्य होतं. नदी काठ खातेय की नाही, हे आज काढलेल्या फोटोत दिसत नाही. त्याच जागेवरून काही वर्षांपूर्वी काढलेला फोटो शेजारी ठेवावा लागतो. मी घळींचे फोटो ठेवले होते, पुलांचे ठेवले होते, धुराचेसुद्धा ठेवले होते. आप्पांच्या छातीचा मात्र आमच्याकडं एकही नव्हता.

संध्याकाळी निमोण्याला गेले. आप्पा ओट्यावर हुरड्याची कणसं चोळत बसले होते. एक्स-रेचं विचारलं तर मूठभर हुरडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "एक्स-रे? व्हता की. न्यूमोनिया झाल्ता तवाचा. त्यो आपण कापला न्हाई का गिरानाला?"

आणि मला ते सगळं आठवलं. दौंडला असताना एका हिवाळ्यात सकाळच्या वेळी सूर्यग्रहण आलं होतं. आमच्या गल्लीत ग्रहण म्हटलं की दारं बंद, चुली बंद, पोटुशी बाई कोपऱ्यात, पोरांना बाहेर जायची बंदी. आमच्या घरी याच्या बरोबर उलट. ग्रहणात चूल पेटलीच पाहिजे, असा आप्पांचा दंडक. आई त्या दिवशी मुद्दाम कांद्याची भजी तळायची, म्हणजे वास बंद दारांच्या फटींतून आत गेला पाहिजे. त्या वर्षी आप्पांच्या मनात आलं, की नुसती भजी तळून भागणार नाही, गल्ली बाहेर आणली पाहिजे. त्यांनी स्वतःचा छातीचा मोठा एक्स-रे काढला, कात्री घेतली आणि चौकोन कापले. फुफ्फुसाचा भाग काळा असतो, तो तेवढा कामाचा. मधला हृदयाचा भाग पांढरा, त्यातून सूर्य डोळ्यात घुसतो, म्हणून तो त्यांनी सरळ चुलीत घातला. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या चौकटी करून त्यात ते काळे तुकडे बसवले. मी पुण्याहून खास ग्रहणाचे चष्मे आणले होते, एक्स-रेतून सूर्य बघणं धोक्याचं आहे हेही सांगत होते, पण माझं कोण ऐकतंय? आप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि बंद दारांकडं बघून ओरडले, "या रे, बाहेर या! माझ्या छातीतनं सूर्य बघा!"

आधी पोरं आली. मग शेजारचे जोसेफमामा आले. ते रेल्वेत गार्ड होते, आप्पांचे जुने दोस्त. त्यांच्यामागून त्यांची बायको, मग एकेक दार किलकिलं होत गेलं. शेवटी भजी कमी पडली. आईनं त्याबद्दल आप्पांना संध्याकाळपर्यंत ऐकवलं.

म्हणजे डॉक्टरबाईंना हवा होता तो एक्स-रे अख्ख्या गल्लीनं आपापल्या डोळ्याला लावला होता, आणि आता तो कुणाकडं, कुठं असेल, कोण सांगणार? आप्पांनी स्वतःची चौकट ट्रंकेतून काढून दिली. खालच्या भागाचा तुकडा होता, नुसता काळा. विकासच्या पोरानं एक चौकट घेतली होती, ती सणसवाडीला माळ्यावर सापडली. विकासनं गच्चीवर उभं राहून ती आकाशाकडं धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. खाली कंपनीची पाळी सुटत होती, बसेस लागत होत्या, त्या चिंचोळ्या बोळांतून माणसं एकेक करत रस्त्याला लागत होती. एरवी मी हे बघायलाच वर चढते. त्या दिवशी कॅमेरा गळ्यात असूनही उचलावासा वाटला नाही.

"एवढ्यात काय दिसतंय गं, ताई?" विकासनं विचारलं.

"फासळ्या."

"डाग?"

"यात नाही. पण सगळं नाहीये ना हे."

राहता राहिले जोसेफमामा. ते आता केडगावला असतात, मिशनच्या आवारापासून जवळच, कडुलिंबाखालच्या छोट्या घरात. शनिवारी सकाळी भीमेचा पूल ओलांडून गेले. धुराचं छत पसरलेलं होतं, आणि त्याच्याखालून जाताना ते इतकं खाली आल्यासारखं वाटलं, की मी काच वर केली. एरवी मला त्या थराची उंची मोजायची हौस. त्या दिवशी वाटलं, वारं सुटावं आणि हे सगळं एकदाचं उडून जावं.

जोसेफमामांना सगळं सांगितलं. ते उठले, आत गेले आणि कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवलेली चौकट घेऊन आले. पुठ्ठ्यावर अजून कुणाच्या तरी लग्नातला सोनेरी कलश होता.

"दर ग्रहणाला मी साळव्याच्या छातीतनंच बघतो," ते म्हणाले. "नवे चष्मे आणले पोरांनी, पण मला ह्याचीच सवय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ने. पण परत आणून दे हां, बाई. त्याला सांग, पुढच्या ग्रहणाला मी यायचोय निमोण्याला. भजी लागत्याल."

त्या तुकड्यात पांढरा ठिपका होता. मी तो त्यांच्या ओट्यावरच उजेडाला धरून बघितला. कोपऱ्यात आप्पांच्या आडनावाची शेवटची दोन इंग्रजी अक्षरं पांढरी उमटलेली, त्यांच्या खाली गळ्याच्या हाडाची कड, आणि त्या हाडाखाली ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. मला इतका आनंद झाला की मी जोसेफमामांच्या पाया पडले. त्यांना असलं काही आवडत नाही, ते मागं सरकले.

बुधवारी सकाळी निमोण्याच्या घरात पूर्वेच्या खिडकीवर मी ते तुकडे चिकटपट्टीनं जोडले. हे काम मला येतं. दोन नकाशे शेजारी लावताना नदी नदीला आणि रस्ता रस्त्याला मिळाला पाहिजे, तशा मी फासळ्या फासळ्यांना मिळवत गेले. अक्षरं सुलटी वाचता येतील अशी वरच्या कोपऱ्यात घेतली. मध्ये हृदय नव्हतं, तिथं रिकामी जागा राहिली आणि त्या जागेतून बाहेरची ज्वारी दिसत होती. आप्पा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले.

"लई जुनं घर दिसतंय," ते म्हणाले. "वासं मोजता येत्यात."

मी हसले, आणि मग माझं हसणं तसंच राहिलं. ठिपका चित्राच्या डाव्या बाजूला होता. उजवी बाजू स्वच्छ होती, काळीभोर, तिच्यात काही म्हणता काही नव्हतं. फोनवरचा रिपोर्ट मी पुन्हा काढला. उजवं फुफ्फुस, वरचा भाग. पुन्हा खिडकीकडं बघितलं. म्हणजे तेव्हा डाग डावीकडं होता, तो कधीतरी भरून गेला, आणि आता उजवीकडं, जिथं काहीच नव्हतं, तिथं नवा आलाय. मी ते तीनदा ताडून पाहिलं. दर वेळी तेच निघालं.

"काय म्हनतंय?" आप्पांनी विचारलं.

"उद्या बाई बघतील ना."

"तू बघितलंस ना पर? तुझंच काम हाय हे." त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. त्यांचा भरवसा होता. घळ बघून पाणी कुठून आलं हे सांगणारी त्यांची पोरगी होती, ती एवढं सांगणार नाही का? मी चिकटपट्टीचं टोक शोधत बसले. ते सापडत नव्हतं, आणि मला ते सापडावं असंही वाटत नव्हतं.

"भ्याली व्हय?" ते म्हणाले.

"न्हाई."

"मग मी भ्यालोय थोडा," असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि ते बाहेर कांद्याच्या वाफ्याकडं गेले. आप्पांच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. यार्डात, पावसापाण्यात, धावत्या मालगाड्यांच्या वाघिणींमधून फिरलेला माणूस. मी खिडकीशी उभी राहिले. त्यांच्या छातीच्या तुकड्यांतून ते मला वाफ्यात वाकलेले दिसत होते, तण उपटत होते, आणि मधूनच खोकत होते.

त्या दुपारी घरी येऊन मी संगणकावर जुने फोटो काढले. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. घोड, कुकडी, भीमा, घळी, दरडी, पूल. सगळ्यात आप्पा होते. अंगठ्याच्या नखाएवढे, पाठमोरे, माझ्या सांगण्यावरून जमिनीकडं बघत. मी मोठं करून बघितलं तर चेहऱ्याच्या जागी नुसते रंगाचे चौकोन दिसायला लागले. मग मात्र मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं रडले. नदी किती सरकली, घळ किती वाढली, सगळं मी राखून ठेवलं होतं, आणि ज्या माणसानं हे सगळं मोजायला अंग दिलं त्याचा एक धड चेहरा माझ्यापाशी नव्हता.

गुरुवारी दवाखान्यात आमचा नंबर उशिरा आला. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. विकासही सणसवाडीहून आला होता. डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या, भराभर बोलणाऱ्या. मी जोडलेला एक्स-रे त्यांनी भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीला लावला आणि त्या खूश झाल्या.

"अरे वा! हे कुणी जोडलं?"

"मी."

"सुंदर. हृदय कुठे गेलं?"

"चुलीत," आप्पा म्हणाले.

बाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या ठिपक्यावर बोट ठेवून थांबल्या. मला राहवेना. विकासनं माझा हात धरला होता तो मी सोडवला आणि म्हणाले, "मॅडम, पण हा डावीकडं आहे. आत्ताचा उजवीकडं आहे ना? म्हणजे हा वेगळा. उजवी बाजू तेव्हा स्वच्छ होती. मी नीट ताडून बघितलंय."

बाई वळल्या. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल ते असो, त्यांचा भराभरपणा एकदम ओसरला.

"तुम्ही काय करता?"

"भूगोल शिकवते."

"तरीच. हा नकाशा नाहीये, ताई. नकाशा वरून बघतात. हे आम्ही माणसाच्या समोर उभं राहून बघतो. आप्पा, जरा उठता का? मुलीकडे तोंड करून उभे राहा. हां. आता उजवा हात वर करा."

आप्पांनी हात वर केला. सिग्नल द्यावा तसा, सरळ, ताठ. तो हात माझ्या डाव्या बाजूला होता.

मी बघत राहिले. डावीकडं दिसतो तो त्यांचा उजवा. अक्षरं सुलटी लावली की माणूस आपल्याकडं तोंड करून उभा असतो. तिशीपासून मी पोरांना सांगत आलेय, की आधी दिशा ठरवा, मग वाचायला घ्या. एवढी साधी गोष्ट, आणि तिच्यापायी मी एक अख्खा दिवस आप्पांना मनातल्या मनात पोचवून आले होते.

बाईंनी तोवर छोटी पट्टी काढली होती. एक्स-रेला प्रमाण काढावं लागत नाही, तो जवळजवळ मूळ आकाराचाच असतो. त्यांनी जुना ठिपका मोजला, मग संगणकावरचा नवा मोजला, मग खात्रीसाठी दोन्ही पुन्हा मोजले. आम्ही तिघं त्यांच्या हाताकडं बघत होतो. कुणाला खोकलासुद्धा आला नाही.

"जागा तीच. आकार तोच," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत कणभरही वाढलेला नाही. कधीतरी काहीतरी होऊन गेलं असेल, तुम्हाला कळलंही नसेल, आणि शरीरानं ते बंद करून टाकलं. भरलेल्या जखमेची खूण आहे ही. सुई नको. खोकल्याचं औषध देते. सहा महिन्यांनी एकदा बघू, पण माझ्या मनात शंका नाही."

 मग आप्पांनी विचारलं, "बाई, हात खाली घेऊ का?"

त्यांचा हात अजून वरच होता. विकास हसला, बाई हसल्या, आणि मी हसता हसता इतकी रडले की बाहेरच्या नर्सनं दार उघडून आत बघितलं. आप्पा मला गप्प करत होते, त्यांच्या पद्धतीनं. "आगं बास की. आता काय झालं रडायला? जुनाच हाय म्हनल्या ना त्या?" आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःचे डोळे सदऱ्याच्या बाहीनं पुसले.

विकास परस्पर सणसवाडीला गेला, त्याची दुसरी पाळी होती. मी आप्पांना घेऊन निमोण्याला निघाले. शिरूर मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी सुरू झाली, हुरड्याला आलेली. हवा स्वच्छ होती. दूरच्या टेकडीच्या पायऱ्या एकेक मोजता येत होत्या. लाव्हा एकावर एक थरांनी थंड झाला, की अशा पायऱ्या पडतात. हे मी गाडी चालवता चालवता आप्पांना सांगायला लागले. हे मी त्यांना आधी पंचवीस वेळा तरी सांगितलं असेल, पण मला काहीतरी बोलायचं होतं, आणि मला दुसरं काही येत नाही. उत्तर आलं नाही म्हणून शेजारी बघितलं. आप्पा झोपले होते. डोकं मागं टेकलेलं, तोंड किंचित उघडं, आणि बारीक घोरणं चालू होतं.

मी गाडी रस्त्याकडेच्या बाभळीखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला, मग सगळं शांत झालं आणि ते घोरणं नीट ऐकू यायला लागलं. श्वास आत जायचा, थोडा अडखळायचा आणि फुर्रकन बाहेर यायचा. सदऱ्याचं वरचं बटण त्याच्याबरोबर वर-खाली व्हायचं. लहानपणी दौंडच्या एका खोलीत आम्ही याच आवाजाला कंटाळून उशी डोक्यावर घ्यायचो. आता वाटलं, हा असाच चालू राहावा, मला कुठं जायचं नाही. त्यांच्या हनुवटीवर दाढी करताना राहिलेले पांढरे खुंट होते. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. तो कशाचा, हे मला माहीत नव्हतं. घरी गेल्यावर विचारायचं ठरवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. गाडी हलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, बाभूळ बघितली, माझ्या मांडीवरचा बंद कॅमेरा बघितला.

"का थांबलीस गं, रंजे? घळ-बिळ दिसली का? उतरू का मी?"

"नको, आप्पा. बसा."

"मग काय बघती?"

"तुम्हालाच बघते."

आप्पांनी क्षणभर माझ्याकडं सरळ बघितलं. मग सदरा नीट केला आणि डोकं पुन्हा मागं टेकलं.

"मग बघ की," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.